दोन्हीकडे दोन

बाईंनी मुंगीला चोर ठरवलं त्याला पाच महिने झाले होते आणि ते पाचही महिने बाईंना अगदी गाढ झोप लागत होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे त्यांची जी तगमग झाली ती ऐकून कोणालाही त्यांचीच दया यायची, आणि दया आधी कोणाची यायला हवी हे विसरायला व्हायचं.

बाई तिसरीला गणित शिकवत. बावीस वर्षं तीच तिसरी, तीच खोली. बावीस बाक, चव्वेचाळीस मुलं. फळ्याचा डावा कोपरा खडबडीत झाला होता, तिथे खडू नुसता घसरायचा, त्यामुळे शतकाच्या घराला नेहमी जरा अंग चोरून बसावं लागायचं. बाई वाईट नव्हत्या. कोणाच्या बुटाची नाडी बांध, कोणाच्या पेन्सिलीला टोक काढून दे, हे त्यांचं दिवसभर चालायचं. पाढे चुकले म्हणून त्यांनी कधी कोणावर हात उगारला नाही. राग त्यांना एकाच गोष्टीचा, कॉपीचा. तो मात्र असा की बोलायची सोय नाही.

म्हणून चाचणीला त्या दोन संच काढत. बाकावर एकाला अ, दुसऱ्याला ब. आता दोन संच म्हटले की दोन उत्तरसूच्या आल्या, म्हणजे तपासताना दुप्पट डोकेदुखी. त्यावर बाईंनी तोड काढली होती. अ संचातल्या वजाबाकीत वरच्या आणि खालच्या आकड्यात सारखीच भर घालायची, कुठे दोन, कुठे चार, की ब संच तयार. अ मध्ये ५०३ वजा २७८, तर ब मध्ये ५०५ वजा २८०. आकडे निराळे, उत्तर तेच, २२५. एका सूचीवर चव्वेचाळीस पेपर सपासप तपासून मोकळं. आणि कॉपीबहाद्दर सुटायचा नाही तो नाहीच. कारण बाजूला कच्ची आकडेमोड दाखवायची सक्ती होती. शेजाऱ्याचं बघून उतरवणाऱ्याच्या आकडेमोडीत शेजाऱ्याचे आकडे येणार, की झाला रंगेहाथ. ही युक्ती बाईंनी शिक्षकांच्या खोलीत कोणाला सांगितली नव्हती. एवढी जपलेली गोष्ट फुकट कशाला वाटायची?

तर त्या सहामाहीच्या चाचणीत त्यांच्या हाती मुंगीचा पेपर आला.

मुंगी म्हणजे टेलरची मुलगी. बुटकी, हडकुळी, रांगेत सगळ्यांत पुढे. मुंगी हे नाव तिला कोणी ठेवलं कोण जाणे, पण ते इतकं चिकटलं की हजेरी घेताना खरं नाव आलं तर तीच दचकायची. वर्गात ती फारसं बोलायची नाही. गणितात बरी, म्हणजे बाईंच्या मते बरी.

पेपर अ संचाचा. दहापैकी दहा उत्तरं बरोबर. बाईंच्या कपाळाला पहिली आठी पडली. त्यांनी कच्ची आकडेमोड बघितली. चौथ्या गणिताशेजारी स्वच्छ लिहिलं होतं, ५०५ वजा २८०. ब संचाचे आकडे! सहाव्याला तेच. नवव्याला तेच. उरलेल्या सात गणितांच्या बाजूला तर भलतेच आकडे होते, ना अ चे ना ब चे. ती आपल्या डोळ्यांत धूळ फेकायला केलेली गिचमिड आहे, असं बाईंनी ठरवून टाकलं. त्या सात वजाबाक्या त्यांनी एकदा करून बघितल्या असत्या, तर ही गोष्ट इथेच संपली असती. अर्ध्या मिनिटाचं काम. पण चोर सापडल्यावर चोराचे खिसे कोण मोजत बसतं?

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुंगीला फळ्यापाशी उभं केलं. सगळ्यांसमोर. इतरांना धडा मिळायला हवा ना.

"हे पाचशे पाच कुठून आले गं?"

"पाचशे तीनचे केले, बाई."

"केले? आणि दोनशे ऐंशी?"

"दोन्हीकडे दोन घातले. म्हणजे मग..."

"कशाला घातले?"

"सोपं होतं."

"शेजारचं बघितलं की सगळं सोपंच होतं," बाई म्हणाल्या आणि वर्ग खिदळला.

मुंगीच्या शेजारी बसणारी मुलगी उठून उभी राहिली. तिला सगळे बडबडी म्हणत आणि त्यात काही खोटं नव्हतं. "बाई, तिने माझं नाही बघितलं. तिचं आधी झालं होतं. ती खिडकीतून बाहेर बघत होती."

"तू तिची वकील का? बस खाली."

बडबडी बसली. मुंगीने पुन्हा तोंड उघडलं, मिटलं. पेपरावर लाल भोपळा, खाली लाल अक्षरात 'नक्कल केली', त्याखाली पालकांच्या सहीसाठी ओळ.

सही करायला बाप स्वतः शाळेत आला. खांद्यावर दोऱ्याचे तुकडे चिकटलेले, दुकान अर्धवट टाकून आलेला. शिक्षकांच्या खोलीच्या दारातच उभा राहिला, आत यायला तयार नाही.

"चुकलं बाई तिचं," तो म्हणाला. "आमच्या घरात असं कोणी नाही. पुन्हा नाही होणार."

"लहान आहे अजून," बाई मोठ्या मनाने म्हणाल्या. "वेळीच कळलं हे बरं झालं."

त्या दिवसापासून मुंगीचा बाक बाईंच्या टेबलाला लागून, एकटीचा. आणि आता ती शिकवल्याबरहुकूम वजाबाकी करू लागली. हातचा घ्यायचा, वरचा आकडा खोडायचा, डोक्यावर छोटा आकडा लिहायचा. मधे शून्य आलं की तिची गाडी हटकून अडायची. दहापैकी चार, कधी तीन. बाईंना त्यात नवल वाटलं नाही. उलट त्या मनात म्हणाल्या, बघा, शेजार सुटल्यावर खरी पातळी कळली. वर्ष संपत आलं तेव्हा 'तिसरीतच ठेवावे' अशी यादी मोठ्या बाईंकडे द्यायची होती. शाळेच्या मुख्य म्हणून त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. यादीत पाच नावं होती. चौथं मुंगीचं.

यादी दिली त्याच आठवड्यात बाई टेलरच्या दुकानात गेल्या. त्यांच्या नवऱ्याला डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं आणि माणूस कमरेत असा उतरला की पँट हाताने धरून घरभर हिंडायचा. दोन पँटी आत घ्यायच्या होत्या. जवळ दुसरं दुकान नव्हतं, आणि बाईंना तिथे जायला संकोच वाटायचं काही कारणही नव्हतं.

टेलरने मशीन थांबवलं, पँट टेबलावर सपाट पसरली, गळ्यातली टेप काढून कमरेवर लावली. एक बाजू मोजली आणि म्हणाला, "वीस."

"वीस कसे?" बाई म्हणाल्या. गणिताच्या बाई त्या, गप्प कशा बसतील! "कंबर छत्तीस आहे. निम्मे अठराच व्हायला हवेत."

"अठराच आहेत, बाई." टेलर हसला. त्याने टेपचं टोक दाखवलं. सुरुवातीचा तुकडा झिजून, फाटून गेलेला. "पहिले दोन इंच गेलेत हिचे. म्हणून दोनापासून लावतो. सुरुवातीला दोन जास्त, तर शेवटालाही दोन जास्त. मधलं कापड तेवढंच राहतं की."

"नवी घ्या ना एखादी."

"घेतली होती. पोरीने वापरू दिली नाही." टेलरचं तोंड खुललं, पोरीबद्दल बोलताना बापांचं खुलतं तसं. "पाच वर्षांची असल्यापासून इथे टेबलावर बसून मापं सांगायची मला. म्हणायची, बाबा, शून्यापासूनच कशाला, कुठूनही लावा. सोप्या आकड्यापासून लावा, वजा करायला बरं पडतं. दोन्ही टोकं सारखीच सरकली की झालं. मी कागद-पेन्सिल शोधेपर्यंत हिचं उत्तर तयार."

बाईंच्या हातात दुसरी पँट होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली.

"आता सांगत नाही?" त्यांनी विचारलं.

"आता टेपला हात लावत नाही. पाच महिने झाले असतील. अभ्यास आहे म्हणते." टेलरने खडूने कापडावर खूण केली. "बरंच झालं बाई, तुम्ही वेळीच कान उपटलेत. नाहीतर कुठल्या वळणाला लागली असती पोर."

या वेळी बाईंनी बोलायला हवं होतं. वाक्य तोंडाशी आलं होतं. पण त्या म्हणाल्या, "शनिवारी येऊन नेते," आणि पायरी उतरल्या. पळाल्याच म्हणा.

घरी येऊन त्यांनी कपाट उघडलं. सहामाहीचा गठ्ठा सुतळीने बांधून ठेवलेला होता. मुंगीचा पेपर काढायला वेळ लागला नाही, लाल भोपळा लांबूनच दिसत होता. बाई खुर्चीत बसून ती सात गणितं बघू लागल्या. ७३१ वजा ४६८, बाजूला ७३३ वजा ४७०. ६४० वजा ३९६, बाजूला ६४४ वजा ४००. ८१२ वजा ४९५, बाजूला ८१७ वजा ५००. सातही बरोबर. गिचमिड एकही नव्हती. खालचा आकडा गोल व्हावा एवढीच भर मुलीने घातली होती, म्हणजे हातच्याची भानगड जवळजवळ संपलीच. बाई स्वतः मनाला येईल ती भर घालत. खरं सांगायचं तर मुलीची रीत बाईंच्या रीतीपेक्षा सरस होती. ती तीन गणितं जुळली होती, कारण तिथे बाईंच्या मनाला योगायोगाने नेमकी तीच भर सुचली होती.

'दोन्हीकडे दोन घातले.' अख्ख्या शाळेत हे वाक्य समजू शकेल असं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाने ते ऐकून वर्गाला हसवलं होतं. बाईंना स्वतःची किळस आली. स्वयंपाकघरातून नवऱ्याने विचारलं, "पँटी दिल्यास का?" तर त्या "शनिवारी" एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच त्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. पेपर पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. युक्तीसकट.

मोठ्या बाईंनी चष्मा लावून पेपर नीट वाचला. पेन घेऊन दोन वजाबाक्या स्वतः करून बघितल्या. मग म्हणाल्या, "यादीतून नाव काढते. पण कारण तुम्ही तुमच्या अक्षरात लिहून द्या. गोलगोल नको, जे झालं ते."

"देते."

"आणि एक सांगा. या युक्तीने बावीस वर्षांत किती जण पकडलेत?"

"असतील सहा-सात."

"त्यांची आकडेमोड बघितली होतीत?"

बाई पेपराची घडी घालू लागल्या. मोठ्या बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला आणि बाई लिहायला बसल्या. 'विद्यार्थिनीने नक्कल केली नव्हती. तिने स्वतःच्या बुद्धीने योग्य रीत वापरली. तिने रीत सांगितली असता मी ऐकून घेतली नाही.' एवढ्या तीन ओळींना त्यांना प्रार्थनेची घंटा होईपर्यंत वेळ लागला.

नाव यादीतून गेलं. मुंगी चौथीत जाणार. बाईंचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण तो काही पडेना. एक वर्ष वाचलं ते ठीक. पण त्या पोरीची जी रीत होती, खिडकीतून बाहेर बघत हसतखेळत गणित सोडवायची, ती आपण बंद पाडली आहे, हे त्यांना दिसत होतं. ती पुन्हा चालू झाली पाहिजे. एक गणित, फक्त एक, तिने आपल्या रीतीने सोडवलेलं बघायचं, मग आपण सुटलो. असं त्यांनी स्वतःशी ठरवलं. बघा, यातही सुटायचा विचार होताच.

संध्याकाळी त्या टेलरकडे गेल्या आणि या वेळी दारातूनच बोलायला सुरुवात केली, मधे थांबलं तर धीर सुटेल म्हणून. तुमच्या मुलीने कॉपी केली नव्हती. चूक माझी होती. सगळी माझीच.

टेलरने मशीनवरचा पाय काढून घेतला. सुई कापडात तशीच रुतलेली होती.

"नव्हती केली?"

"नाही."

त्याने सुई वर घेतली, कापड सोडवलं आणि म्हणाला, "मी मारलं होतं तिला त्या दिवशी. तिने सांगितलं होतं मला, बाबा, मी आपलं टेपसारखं केलं. मी म्हटलं, वर तोंड करून खोटं बोलतेस? बाई काय उगाच लिहितील?"

बाई उभ्याच होत्या. त्याने त्यांना दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्याने उठून स्टूल पुढे केलं, बसा म्हणाला, आणि स्वतः पाठ फिरवून फडताळातल्या रिळांची उगाच उचलठेव करू लागला.

दुसऱ्या दिवशी गणिताचा तास पहिलाच होता. बाईंनी हजेरी घेतली नाही. फळ्यावर शेजारी शेजारी दोन वजाबाक्या लिहिल्या, ५०३ वजा २७८ आणि ५०५ वजा २८०.

"सहामाहीत मी मुंगीला कॉपी केली म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "ते खोटं होतं. तिने केली नव्हती. तिने दोन्हीकडे दोन घातले होते. दोन्हीकडे सारखंच घातलं की उत्तर बदलत नाही. तिने मला हे सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, वर तिची चेष्टा केली. मी चुकले. मुंगे, मी तुझी माफी मागते."

बाईंनी माफी मागितलेली कोणी आजवर पाहिली नव्हती, तेव्हा आता काय करायचं असतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी बडबडीने ती कोंडी फोडली. "मी सांगितलं होतं, बाई!"

"हो, तू सांगितलं होतंस. तुझीही माफी."

मुलांना भारी गंमत वाटली. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. मुंगी टेबलालगतच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसली होती. बाईंनी फळ्याच्या मोकळ्या जागेत लिहिलं, ७०४ वजा ३८९. खडू तिच्या हातात दिला.

"ये. दाखव सगळ्यांना तुझी रीत."

मुंगी उठली. टाचा उंच करून तिने आकडे एकाखाली एक पुन्हा मांडले आणि रेघ ओढली. मग शून्य खोडलं. डोक्यावर दहा लिहिले. बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. सात खोडले, सहा केले. पुन्हा चेहऱ्याकडे. चारावर हातचा ठेवून चौदा केले. चौदातून नऊ गेले, पाच. दहातून आठ गेले, दोन. प्रत्येक आकड्यानंतर ती वळून बाईंचा चेहरा वाचत होती. सहातून तीन गेले, तीन. तीनशे पंचवीस. दहाने जास्त.

बाई तिच्या शेजारी वाकल्या. "असं नको गं," त्या हळूच म्हणाल्या. "तुझं ते कर. दोन्हीकडे घालून."

खडू थांबला. मुंगीने मागे बाकांकडे बघितलं, मग बाईंकडे. तिचे डोळे भरून आले होते.

"मी आता नाही करत तसं, बाई."

"अगं, कर. मीच सांगतेय ना."

"खरंच नाही करत. घरीसुद्धा नाही. बाबांना विचारा हवं तर."

आणि बाईंना खात्री पटावी म्हणून तिने फळ्याकडे वळून हातच्याचा तो एक पुन्हा, ठळक, गिरवला.